बायडी विचार करते

जमुनाचं लग्न ठरलं ते एका बंद पडलेल्या टेम्पोमुळे.

साल अठ्ठ्याऐंशी. होळी तोंडावर आलेली. कुंभवलीजवळच्या कारखान्यांच्या रस्त्यावर, भर जेवणाच्या सुट्टीत, ड्रमांनी भरलेला एक टेम्पो आचके देत थांबला. नवशा त्या टेम्पोवर माल चढवायला-उतरवायला असे. ड्रायव्हर निराळा, आणि तो आत बसून नुसता आरडाओरडा करत होता. जमुना औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायच्या कारखान्यात कामाला होती. मैत्रिणींबरोबर चहाला बाहेर आलेली. तिनं नवशाला एकट्यानं टेम्पो ढकलताना पाहिलं, ओढणी कमरेला बांधली आणि त्याच्या शेजारी जाऊन खांदा लावला. दोघांची ओळख दिवाळीपासूनची, ती पण रस्त्यात हसण्यापुरती. ढकलता ढकलता नवशाला काय सुचलं देव जाणे, घामाघूम तोंडानं तो म्हणाला, "माझ्याशी लगीन करशील?"

"आधी गाडी तर चालू होऊ दे," जमुना म्हणाली.

गाडी चालू झाली. नवशा पळत जाऊन मागच्या फळीवर चढला. टेम्पो धूर सोडत वळणाशी पोचला, तेव्हा जमुनानं तोंडाशी हात धरून अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "हो! करीन!"

एवढ्यावर लग्न ठरलं. शहाणी माणसं याला उतावीळपणा म्हणतील. म्हणोत. पत्रिका जुळवून, चार बैठका घालून ठरवलेली लग्नंही आपण पाहिली आहेत, त्यातली किती टेम्पोपेक्षा जास्त चालली ते ज्याचं त्यानं बघावं.

जमुनाचं घर बोईसरच्या पूर्वेला, रूळ ओलांडून डोंगराकडे गेलं की लागणाऱ्या एका वारली पाड्यावर. बाप चिंतू, आई बायडी. पावसाच्या भरवशावरचा भाताचा एक तुकडा, आणि सुक्या दिवसांत चिंतू तारापूरला अण्णांच्या वाडीत शिंपण्याला आणि नारळ उतरवायला जाई. मोठा हसरा गडी. आपल्याला सगळं कळतं अशी त्याची समजूत होती, आणि आजवर तिला कुणी धक्का लावला नव्हता.

संध्याकाळी जमुनानं टेम्पोची हकिगत सांगितली, तेव्हा चिंतूनं मांडीवर थाप मारली. "झकास! पोरगा कामाचा हाय. होळी झाली की उडवून टाकू."

बायडी सुपात तांदूळ पाखडत होती. तिचा हात थांबला. "इचारलं त्यानं?"

"मग काय," जमुना म्हणाली.

"तोंडानं?"

"तोंडानं, आये! टेम्पो ढकलताना."

"बरं," बायडी म्हणाली, आणि पुन्हा पाखडू लागली. पण बराच वेळ ती एकच सूप पाखडत राहिली. जमुनाच्या ते लक्षात आलं. चिंतूच्या आलं नाही.

आता इथली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. या पाड्यांवर लग्नाची घाई कुणालाच नसायची. दोघांचं मन बसलं की दोघं एकत्र राहायला लागायची. पोरंबाळं होत, शेत होई, भांडणं होत. लग्न मात्र घरात धान्य असेल आणि हाताला सवड असेल तेव्हा. त्याला वर्षं लागली तरी कुणी नाक मुरडत नसे. एक गोष्ट मात्र पक्की: आईबापाचं लगीन लागल्याशिवाय लेकराचं लावायचं नाही. म्हणून एकाच मांडवात आधी आईबाप हळद लावून उभे राहायचे आणि मागून पोरं. नवशाच्या आईबापांनी त्याच्या मोठ्या भावाच्या मांडवात आपलं उरकून घेतलं होतं. चिंतू-बायडीचं मात्र राहून गेलं होतं. जमुना वीस वर्षांची झाली तरी राहूनच गेलं होतं.

चिंतूला त्यात अडचण काहीच दिसली नाही. एका मांडवात दोन लग्नं, उलट बरंच. तो दुसऱ्याच दिवशी ठमीकडे गेला. ठमी म्हणजे त्या भागातली धवलेरी. तिनं गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. वय झालेलं, दात निम्मे पडलेले, पण आवाज खणखणीत. तिला अख्खा पाडा वचकून असे.

"दोन लग्नं लावायची हायत," चिंतूनं सांगितलं. "पोरीचं आणि आमचं."

"दोनी नवऱ्या तयार हायत?"

"तयारच हायत!" चिंतू छाती काढून म्हणाला.

हीच त्याची चूक. आणि चूक केली हे त्याच्या गावीही नव्हतं.

ठमीची एक खोड होती. जातीची रीत नव्हे ती, तिची स्वतःची. गाणी म्हणायचं कबूल करण्याआधी ती नवरीच्या दारात जाऊन तिच्याच तोंडून होकार ऐकून घेई. न विचारता गाणी म्हटली तर आपला गळा बसतो, असं ती सांगे. होळी झाल्यावर एका सकाळी ती काठी टेकत आली आणि ओट्यावर बसली. जमुनाला विचारायला तिनं तोंड उघडलं, तोच जमुना "हो" म्हणून मोकळी झाली. ठमी हसली आणि बायडीकडे वळली. "आणि तू गं बायडे? चिंतूशी लगीन करतेस ना?"

बायडीनं हातातलं काम खाली ठेवलं, हात पुसले आणि म्हणाली, "मी इचार करते."

चिंतूला वाटलं ती थट्टा करतेय. तो हसला. मग त्यानं पाहिलं, बाकी कुणीच हसत नव्हतं.

"कसला इचार?" ठमीनं विचारलं.

"करायचं का, त्याचा."

ठमीच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो पाहण्यासारखा होता. "मी इतकी लग्नं लावली, पण इचार करते म्हणणारी तूच पहिली भेटलीस. कर बाय, सावकाश कर." मग तिनं काठीचं टोक चिंतूच्या दिशेनं उचललं. "तू मला दोनी तयार म्हणालास. माझ्याशी खोटं बोललास?"

"खोटं नाय. मला वाटलं..."

"वाटलं!" ठमी म्हणाली, आणि चहा न घेताच निघून गेली.

बातमी दुपारपर्यंत पाड्यावर आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या पाड्यांवर. चिंतू ताडी प्यायला बसला तर एक जण विचारी, "काय चिंतू, पोरगी पसंत केलीस का कुठं?" दुसरा म्हणे, "पसंत केली हाय रे, तिनं अजून केला नाय याला." चिंतू त्यांच्याबरोबर हसे. पण घरी येताना त्याचं हसू वाटेतच गळून जाई. ही बाई माझ्याशी लग्न करणार नाही की काय? आणि मग इतकी वर्षं ती कुणाच्या घरात राहिली?

"माझं काय चुकलं?" त्यानं बायडीला विचारलं.

"चुकलं असं मी कुठं म्हणाले?"

हे तर आणखीच वाईट. चुकलं असतं तर दुरुस्त तरी करता आलं असतं.

जमुना रडली, चिडली, ताट आपटून झालं. "आये, तुझ्यापायी माझं लगीन अडलंय!"

"अडलंय ते माझं," बायडी शांतपणे म्हणाली. "तुझं त्याच्या मागं उभं हाय."

या पेचावर तोडगा काढला नवशानं. बोईसरच्या नाक्यावर चार लोकांत उठबस असल्यानं प्रेमाच्या बाबतीत तो स्वतःला जाणकार समजे. "बा, तुमी टेन्शन नहीं लेने का," तो चिंतूला बाजूला घेऊन म्हणाला. "आजकाल बायकांना फिरवावं लागतं. पिच्चर दाखवा. बाहेर खायला घाला. मग बघा कशी हो म्हणते." तिकिटंही त्यानंच आणून दिली.

ठरल्या दिवशी चिंतूनं धुतलेला सदरा घातला, केसांना तेल चोपडलं आणि बायडीला घेऊन बोईसरच्या थेटरात गेला. सगळं नवशानं शिकवल्याप्रमाणे चाललं होतं. पण चिंतू पहाटेपासून वाडीत नारळावर चढ-उतर करून आला होता, आणि थेटरात काळोख, पंखा आणि टेकायला खुर्ची. पहिलं गाणं संपायच्या आत त्याची मान मागे पडली. तो जागा झाला तेव्हा लोक उठून निघाले होते, आणि बायडी डोळे न मिटता कोऱ्या पडद्याकडे पाहत होती.

बाहेर पडल्यावर चिंतू पार ओशाळला. भजी घेतली, ती खात दोघं रुळांच्या कडेनं पाड्याकडे चालू लागली. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "काय झालं मग त्यात?"

आणि बायडी सांगू लागली. दोन भाऊ होते, जत्रेत हरवले. एक पोलीस झाला, एक चोर. त्यांची आई आंधळी. पण मेली काय आंधळी नाय, मला इचार, भाजी निवडत होती तवा किडका पाला बरोबर बाजूला काढला. पोलिसाला एक पोरगी भेटते, ती श्रीमंताची. चार गाणी होतात आणि ती लग्नाला तयार. "चार गाणी म्हणायला माणूस केवढा मोकळा पायजे," बायडी म्हणाली. "त्याला कामधंदा नाय? चोर पकडायचा सोडून झाडाभोवती फिरतो." चोराची चाल तिनं चालून दाखवली. आंधळ्या आईचं रडणं तर असं काढलं की समोरून येणारा एक सायकलवाला घाबरून खाली उतरला.

चिंतू पोट धरून हसत होता. "मग? पुढं?" करत त्यानं तिला पाड्यापर्यंत बोलतं ठेवलं. ही बाई अशी सांगू शकते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. घरात रोज बोलायचा तो. ती "हं" म्हणायची, आणि त्याला वाटायचं तिच्याकडे तेवढंच आहे. त्याला एकदम फार बरं वाटलं, आणि त्या भरात त्यानं घाई केली.

"मग? लगीन?"

"तू झोपला होतास तवा बरा होतास," बायडी म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी तारापूरच्या वाडीत त्यानं अण्णांपुढे मन मोकळं केलं. अण्णा पिढ्यान्‌पिढ्या वाडी करणारे, पन्नाशी ओलांडलेले, पंचक्रोशीतले तंटे मिटवणारे. केळीच्या खुंटावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अण्णा, तुमी प्रेमलाबायना लग्नाचं कसं इचारलं होतं?"

"इचारतो कोण?" अण्णा म्हणाले. "वडलांनी ठरवलं. मी मांडवात गेलो, ती आधीच येऊन उभी होती."

"मग त्यांना तुमी पसंत होता हे कसं कळलं?"

अण्णांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मागे दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या प्रेमलाबाई वळल्या. "सांगा की," त्या म्हणाल्या. "मलाबी ऐकू दे, कसं कळलं ते."

"म्हणजे... तू कधी नाय म्हणाली नाहीस," अण्णा म्हणाले.

"मला कुणी इचारलंच नाय, तर नाय म्हणू कुणाला? माडाला?"

चिंतूनं हळूच पाटाच्या पाण्याकडे काढता पाय घेतला. त्या दिवशी अण्णांचं जेवण उशिरा आलं आणि त्यात मीठ नव्हतं.

चार-आठ दिवस असेच गेले. मग एका सकाळी बायडीनं एक लुगडं आणि थोडे तांदूळ बांधले. "भावाकडं जाऊन येते," ती म्हणाली. तिचा भाऊ विश्राम जव्हारकडच्या डोंगरात राहत होता.

"कवा येशील?"

"बघते," बायडी म्हणाली, आणि पायवाटेनं खाली उतरली.

हे "बघते" चिंतूनं आजवर ऐकलं नव्हतं. इतके दिवस त्याला वाटत होतं की अडलंय ते लग्न. आता त्याला पहिल्यांदा दिसलं की बायडी जाऊही शकते. तिला अडवणारं काही नव्हतं. ना लग्न, ना पंचायत, ना कुणाचं बोलणं. गेली तर गेली. तो दिवसभर ओट्यावर बसून राहिला. वाडीत गेला नाही, की कुणाच्या थट्टेला उत्तर दिलं नाही. त्याला भीती वाटत होती, आणि तिच्या चुलीजवळच्या रिकाम्या जागेकडे बघितलं की भीती वाढत होती.

संध्याकाळी जमुना कामावरून आली. बापाची ती दशा बघून तिचा स्वतःचा राग ओसरला. जळकी भाकरी त्याच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "बा, एक सांग. तू तिला इचारलंस का?"

"ठमीनं इचारलं की तुझ्यासमोर."

"ठमीनं इचारलं. नवशानं पिच्चर दाखवला. अण्णांनी सल्ला दिला. तू कवा इचारलंस?"

"मी तर कवाच इचारलंय," चिंतू म्हणाला. "ट्रकवर."

मग त्यानं लेकीला कधी न सांगितलेलं सांगितलं. तरणा असताना तो वसईकडे वीटभट्टीवर गेला होता. बायडीही तिच्या माणसांबरोबर तिथं आलेली. दोघं एकमेकांना विटा देत-घेत. पाऊस जवळ आला, भट्टी बंद झाली आणि मालकाच्या ट्रकमधून सगळी घराकडे निघाली. चिंतूच्या पाड्याचा फाटा आला. ट्रक थांबला. चिंतूनं खाली उडी मारली, वर पाहिलं, आणि त्याला वाटलं, आता ट्रक जाईल आणि ही पण जाईल. तेव्हा त्यानं सांगितलं.

"काय सांगितलंस?"

"उतर म्हटलं."

"आणि ती?"

"उतरली." चिंतूच्या चेहऱ्यावर त्याही अवस्थेत अभिमान आला. "तिची माणसं वर बसून बघतच राहिली. ट्रक गेला. आमी घरी आलो."

"उतर," जमुना म्हणाली. "बा, असं तर कंडक्टर बोलतो."

चिंतूनं जळकी भाकरी संपवली. त्याची समजूत की आपल्याला सगळं कळतं, ती त्या भाकरीबरोबरच गेली. सकाळी पहिल्या एस.टी.नं तो निघाला.

विश्रामच्या गावात पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. बायडी घरी नव्हती. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली ती फुलं वेचत बसली होती. चिंतूला पाहून तिला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. चिंतूही खाली बसला आणि वेचू लागला. टोपली अर्धी भरली. वाटेत घोकलेलं सगळं तो विसरून गेला होता.

"मी तुला कवा इचारलंच नाय," शेवटी तो म्हणाला.

"नाय," बायडी म्हणाली.

"तू उतरलीस तरी."

"मला उतरायचं होतं म्हणून उतरले. तू बोललास म्हणून नाय." ती फुलं वेचतच होती. "तुला वाटलं तू आणलीस. लोकांना वाटलं त्यानं आणली. मी माझ्या पायानं उतरले, ते कुणी बघितलंच नाय. आणि एक सांगू? मी अजून उतरतेच हाय."

"म्हणजे?"

"रोज सकाळी उठते. तू घोरत असतोस. बाहेर येते, तोंड धुते, आणि ठरवते, आज राहायचं. मग चूल पेटवते."

चिंतूचा हात थांबला. "रोज?"

"रोज."

"एकदाबी... नाय राहायचं असं नाय वाटलं?"

"वाटलं ना," बायडी म्हणाली. "तू बैल विकून आलास आणि घरात सांगितलं नायस तवा वाटलं. जमनी तापानं फणफणली आणि तू ताडीला बसलास तवा तर पायवाटेपर्यंत गेले होते."

"मग?"

"मग परत आले. तापातलं लेकरू टाकून जाईन कुठं? पण दुसऱ्या दिवशी राहिले ती तुझ्यासाठी. रात्रभर तू तिच्या उशाशी बसलास." तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "लगीन लागलं की हे सगळं सरेल. मग मी रोज ठरवलं काय आणि नाय ठरवलं काय, कोण बघतो? लगीन झालेली बाई घरात असतेच. भिंत असते तशी. मला त्याचं वाईट वाटतं."

चिंतूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. इतक्या वर्षांच्या सगळ्या सकाळी त्याच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या, आणि त्यातल्या प्रत्येक सकाळी तो झोपलेला होता. त्याला आपल्या नशिबाचा हेवा वाटला आणि स्वतःची लाजही वाटली.

"मग नको करू लगीन," तो म्हणाला.

"आणि जमनी?"

"ठमीच्या पाया पडेन. नायच ऐकलं तर दोघं राहतील आपल्यासारखी. ती काय आपल्यापेक्षा वाईट राहणार नायत." त्यानं नाक पुसलं. मग जमिनीकडे बघत, अडखळत, एखादा पोरगा पहिल्यांदा बोलतो तसा तो बोलला. "बायडे, तू घरी येशील का?"

बायडी थांबली. "हे तू इचारलंस?"

"हो. इचारलं."

"बघ, येतं की तुला," ती म्हणाली आणि हसली. चांगली मोठ्यानं हसली. मग तिनं भरलेली टोपली त्याच्या डोक्यावर ठेवली. "ठमीला म्हणावं मांडवात ये. लगनाचं काय ते मी तिच्यासमोरच सांगीन."

एस.टी.त ती खिडकीशी बसली. तिचं उत्तर काय असेल ते चिंतूला ठाऊक नव्हतं. पण बोईसर येईपर्यंत त्यानं ते एकदाही विचारलं नाही, आणि त्याच्यासारख्या माणसाला हे सोपं नव्हतं.

मांडव उभा राहिला. भिंतीवर बायकांनी तांदळाच्या पिठानं लग्नाच्या चित्राचा चौक लिहिला. नवशा कारखान्यातल्या मित्रांना घेऊन आला. टेम्पो ऐन वेळी बंद पडायला नको म्हणून तो ड्रायव्हरलाही घेऊन आला होता. प्रेमलाबाई तारापूरहून फणी-करंडा घेऊन आल्या, आणि त्यांच्या मागे नारळांचे दोन घड उचलून स्वतः अण्णा. वाडीतल्या गड्यांनी अण्णांना ओझं उचलताना कधी पाहिलं नव्हतं. चिंतूला हळद लागली, बायडीलाही लागली.

ठमीनं सगळ्यांना गप्प केलं. तिनं काठी टेकली आणि विचारलं, "बायडे, इचार झाला?"

"झाला."

"मग? करतेस चिंतूशी लगीन?"

चिंतू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. नवशानं डोळे मिटून घेतले होते.

"आजच्यापुरती हो," बायडी म्हणाली. "उद्याचं उद्या सांगीन."

मांडवात कुजबूज झाली. "आजच्यापुरतं लगीन असतं कुठं?" कुणीतरी मागून म्हणालं.

"माझं हाय," बायडी म्हणाली.

सगळे ठमीकडे पाहू लागले. ठमीनं थोडा विचार केला. मग ती चिंतूकडे वळली, आणि जे तिनं आजवर कुठल्या नवऱ्याला विचारलं नव्हतं ते विचारलं. "आणि तुला रं, हे चालतं?"

"चालतं," चिंतू म्हणाला. "मला तेवढंच पायजे."

"मग माझ्या गळ्याला काय धाड भरलीय," ठमी म्हणाली, आणि तिनं असं गाणं उचललं की पाड्यावरची कुत्रीसुद्धा गप्प झाली. चिंतू-बायडीचं लग्न लागलं. मागोमाग जमुना आणि नवशाचं. जमुनाला विचारलं तेव्हा तिनंही लगेच उत्तर दिलं नाही. नवशाकडे एकदा नीट पाहून घेतलं, आणि मग "हो" म्हणाली. तेवढ्या वेळात नवशाचा रंग उतरून पुन्हा चढला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना चिंतू आपणहून जागा झाला. हाताला हळद तशीच होती. मांडवात पाहुणे आडवेतिडवे झोपले होते. तो ओट्यावर येऊन बसला आणि दाराकडे पाहत राहिला. छाती धडधडत होती. या वयात, आपल्याच घराच्या दारात, लग्न लागून गेल्यावर.

बायडी बाहेर आली. तिनं त्याला पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. मग तोंड धुतलं, केस बांधले, डोंगराकडे जरा वेळ पाहिलं. चिंतू वाट पाहत होता.

"राहते," ती म्हणाली. "पण पाणी तू आण. रात्री सगळं संपलं."

पाड्यावर कुठला पुरुष हंडा घेऊन विहिरीवर जात नसे, आणि कालचा नवरदेव तर नाहीच नाही. चिंतू गेला. पिवळ्या हातांनी त्यानं रहाट ओढला. तिथं आलेल्या बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं, आणि त्यांच्यातल्या एकीनं तोंडाला पदर लावून विचारलं, "काय रं चिंतू, नवी नवरी काय म्हणते?"

"आज राहते म्हणाली," चिंतूनं सांगितलं, आणि बायका हसत असतानाच भरलेला हंडा खांद्यावर घेऊन तो घाईघाईनं घराकडे निघाला.